स्टेअरिंग हलकं करणारा डेव्हिस

व्हायवात पॉवर स्टेअरिंगचा प्रश्न आला की आपण पंप, व्हॉल्व्ह आणि पिस्टन अशी आकृती काढतो, बाण दाखवतो आणि सुटतो. पण या सगळ्यामागे कोणाचं डोकं होतं, हे काही कोणी विचारत नाही. त्या माणसाचं नाव फ्रान्सिस डेव्हिस. आज त्याच्याविषयीच लिहितेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मधूनमधून इंग्रजी शब्द येणारच, तेवढं सांभाळून घ्या!

डेव्हिसचा जन्म १८८७ सालचा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. १९१० मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडल्यावर तो बफेलो शहरातल्या पिअर्स-ॲरो कंपनीत लागला. ही कंपनी महागड्या मोटारींसाठी नावाजलेली होती, पण ती ट्रकही बनवायची. पुढे डेव्हिस या ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर झाला. तेव्हाचे ट्रक चालवणं म्हणजे रोजची कुस्तीच! उभ्या ट्रकची चाकं वळवायला अंगात ताकद लागायची. बरं, गिअर रेशो वाढवून स्टेअरिंग हलकं करावं, तर चाक इतके फेरे फिरवावं लागायचं की वळण निघून जायचं. शिवाय पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग असा हिसका द्यायचं की हात दुखावायचे.

हे रोज पाहून डेव्हिसच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की हे जोर लावायचं काम इंजिनकडून करून घ्यायचं. १९२२ मध्ये पस्तिशीच्या आसपास असताना त्याने ती चांगली नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम गावात छोटं वर्कशॉप थाटलं. जॉर्ज जेसप नावाचा एक कसबी कारागीर सोबतीला घेतला. आपल्याकडे एवढ्या मोठ्या हुद्द्यावरची नोकरी सोडली असती तर घरी काय झालं असतं, विचार करा!

इथून पुढचा भाग खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. तेव्हाच्या हायड्रॉलिक यंत्रांत साधारणपणे व्हॉल्व्ह बंद असायचा आणि तेल सतत प्रचंड दाबाखाली कोंडलेलं असायचं. काम असो वा नसो, दाब कायम. मग सील आणि पॅकिंगमधून गळती होणारच. कारखान्यात एका जागी उभ्या मशिनला हे एकवेळ चालतं, पण खडखडत धावणाऱ्या गाडीत कसं चालेल? डेव्हिसने विचारच उलटा केला. त्याने व्हॉल्व्ह नेहमी उघडा ठेवला. गाडी सरळ चाललेली असताना पंपाचं तेल व्हॉल्व्हमधून नुसतं फिरून टाकीत परत येतं, दाब जवळपास नाहीच. ड्रायव्हरने स्टेअरिंग वळवलं की व्हॉल्व्ह सरकतो, परतीची वाट अरुंद होते, दाब चढतो आणि पिस्टनच्या एका बाजूला जोर लागतो. हात थांबला की दाब उतरला. म्हणजे तेलाला कामापुरतंच दाबायचं, एरवी मोकळं सोडायचं. वाटतं किती सोपं, नाही?

१९२६ मध्ये त्याने आपल्या पिअर्स-ॲरो गाडीला हे यंत्र बसवलं आणि गाडी थेट डेट्रॉइटला नेऊन जनरल मोटर्सला दाखवली. कंपनीने करार केला. आता नशीब उघडलं असं वाटलं असेल. पण पुढे जागतिक मंदी आली, गाड्यांचा खप घसरला आणि खर्च परवडत नाही म्हणून १९३४ मध्ये कंपनीने हे काम बंद केलं. आठ वर्षं गेली! १९३६ मध्ये डेव्हिसने बेंडिक्स कंपनीशी नवा करार केला. नंतर दुसरं महायुद्ध आलं आणि लष्कराच्या अवजड वाहनांत पॉवर स्टेअरिंग खऱ्या अर्थाने कामाला लागलं.

सर्वसामान्य ग्राहकाला ते मिळालं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियल मोटारीत. गंमत बघा, अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत १७ वर्षं असायची आणि क्रायस्लरने डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचाच आधार घेतला होता. ते पाहून जनरल मोटर्सला पुन्हा डेव्हिस आठवला आणि १९५२ मध्ये त्यांच्या कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टेअरिंग आलं. तोपर्यंत आपला हिरो चौसष्ट-पासष्ट वर्षांचा झाला होता.

डेव्हिस मला खरा कळला तो मागच्या मे महिन्यात, गॅरेजमध्ये. मामाच्या १९९८ च्या गाडीखाली तेलाचे डाग पडत होते आणि वळताना पंप कण्हत होता. मिस्त्रीकाकांनी आधी सगळे होज धुऊन कोरडे पुसले. मग इंजिन चालू करून मला स्टेअरिंग वळवायला लावलं आणि स्वतः बॅटरी घेऊन बघत बसले. सरळ असताना काही नाही, पण वळवलं की पंपाकडून येणाऱ्या प्रेशर होजच्या धातूच्या टोकाशी तेलाचे थेंब! डेव्हिसचं तत्त्वच डोळ्यांसमोर. वळणावरच दाब चढतो, म्हणून गळतीही तेव्हाच दिसते. परतीचा होज गळत असता तर सरळ असतानाही तेल पाझरत राहिलं असतं.

परतीच्या होजला दाब कमी, तिथे तेलाला चालणारा नवा रबरी होज आणि क्लिप पुरते. रेडिएटरचा होज मात्र लावू नका, तेलाने तो फुगतो. प्रेशर होजमध्ये पूर्ण वळणावर दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, तिथे टेप आणि क्लिप यांचा जुगाड चालत नाही. आख्खा होज बदलायचा, वायसर किंवा ओ-रिंगही नवीच. आणि चालू इंजिनमध्ये गळती कधीही हाताने चाचपायची नाही, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल भरायचं, पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्यायची आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. बुडबुडे थांबेपर्यंत, टाकीत तेल घालत घालत. मग इंजिन चालू करून पुन्हा तपासायचं. स्टेअरिंग टोकाला नेऊन तिथेच धरून ठेवायचं नाही, त्याने पंप आणि होज दोघांचं आयुष्य कमी होतं.

डेव्हिस १९७८ मध्ये गेला. आज नव्या मोटारींत बहुतेक इलेक्ट्रिक स्टेअरिंग येतं, त्यात ना तेल, ना होज. पण जुन्या गाड्या आणि मोठे ट्रक अजून त्याच्याच तत्त्वावर वळतात. १९२६ ते १९५१, पंचवीस वर्षं त्याचं यंत्र तयार होतं, फक्त घेणारा नव्हता. आपला प्रोजेक्ट पहिल्या प्रेझेंटेशनला नापसंत झाला की आपण टॉपिक बदलायला निघतो. डेव्हिसने टॉपिक बदलला नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

– टी. ई. मेकॅनिकल, मुलींचं वसतिगृह