कातडीतले पहारेकरी शोधणारा विद्यार्थी : पाउल लांगरहान्स

मधुमेहामुळे ‘लांगरहान्सची बेटे’ हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारे ते पेशींचे पुंजके. पण याच माणसाच्या नावाच्या दुसऱ्या पेशी आपल्या कातडीत आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. म्हणून यंदा आम्ही त्यांची हकीकत सांगायला घेतली आहे.

पाउल लांगरहान्स यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये, डॉक्टरांच्या घरात झाला. बर्लिनला रुडॉल्फ फिर्खो यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना त्यांनी माणसाची कातडी गोल्ड क्लोराइडने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वरच्याच थरात फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. १८६८ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते अजून विद्यार्थीच होते. फांद्या पाहून त्यांना त्या मज्जासंस्थेच्या पेशी वाटल्या. तो तर्क चुकला, पण जे दिसले ते त्यांनी अचूक टिपले होते. पुढच्याच वर्षी प्रबंधात स्वादुपिंडातले पुंजके आले. त्यांचे काम काय, हे आपल्याला उमगले नाही, असे त्यांनी सरळ कबूल केले. एवढा प्रामाणिकपणा प्रबंधांत क्वचितच आढळतो!

पुढे ते फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले आणि १८७४ मध्ये क्षयाने गाठले. त्या रोगाचा जंतूही तेव्हा ठाऊक नव्हता; कॉख यांनी तो १८८२ मध्ये दाखवला. उपचार म्हणजे हवापालट. लांगरहान्स पोर्तुगालच्या मदेरा बेटावर, फुंशाल गावी जाऊन राहिले. प्राध्यापकी सुटली, पण माणूस बसून राहिला नाही. तिथे ते रोगी तपासत, समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करत. किड्यांच्या एका प्रजातीला त्यांनी गुरू फिर्खोंचे नाव दिले. १८८५ मध्ये लग्न झाले. २० जुलै १८८८ रोजी, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले.

कातडीतल्या त्या पेशींचे खरे काम कळायला शंभर वर्षे लागली. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या अशाच फांद्यांच्या पेशींना ‘डेंड्रिटिक’ पेशी म्हटले. लांगरहान्स यांच्या पेशी त्याच गोतातल्या निघाल्या. कातडीत शिरलेला जंतू अशी पेशी गिळते, त्याचे तुकडे करते आणि जागा सोडून काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीका-गाठीकडे निघते. वाटेत तिचे रूप बदलते. गाठीत पोहोचल्यावर ती ते तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना दाखवते. हजारो टी पेशी शेजारून जातात. ज्या थोड्यांना नेमका तो तुकडा ओळखता येतो, त्याच थांबतात. पण ओळख पटणे पुरत नाही, जोडीला धोक्याची दुसरी खूण लागते. ती मिळाली की टी पेशी वाढतात आणि कातडीकडे धावतात. खूण नसेल तर त्या बहुधा गप्प राहतात, आणि ते बरेच. नाहीतर आपलेच शरीर आपल्यावर उठेल.

कधी हा पहारा उगाच चिडतो. निकेलच्या खोट्या कानातल्यांनी कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजतात, तो त्यातलाच प्रकार. पहिल्यांदा घातल्यावर काही होत नाही. एकदा टी पेशींनी ओळख धरली, की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत खाज सुटते.

आपल्यापैकी कित्येकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल. लांगरहान्स यांना बर्लिन-फ्रायबुर्गपासून तोडणाऱ्या क्षयाविरुद्धची ही लस मुद्दाम कातडीतच टोचतात, आणि तिथून तिची वर्दी गाठीपर्यंत नेतात त्या याच गोतातल्या पेशी.