जे. आर. डी. टाटा : ताळेबंदापलीकडचा हिशेब

कंपनीने नफ्यातोट्याबरोबरच समाज आणि पर्यावरणावरील परिणामांचाही हिशेब जाहीर करावा, हा दंडक भारतात अलीकडचा. बाजारमूल्यानुसार आघाडीच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना असा अहवाल 'सेबी'ने २०२२-२३ पासून सक्तीचा केला. मात्र अशी सक्ती नसतानाही जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांच्या अध्यक्षतेखालील टाटा स्टीलने चार दशके आधी हा मार्ग स्वीकारला होता.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्याच वर्षी ते भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे पहिले ठरले. १९३२ मध्ये कराची-मुंबई टपालविमान त्यांनी स्वतः चालवले. १९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, टाटा समूहाची धुरा त्यांच्याकडे आली.

उद्योगाची बांधिलकी केवळ भागधारकांशी नसते, ही त्यांची धारणा होती. पण अध्यक्षाची धारणा अध्यक्षाबरोबरच निघून जाऊ शकते. १९७० मध्ये टाटा स्टीलच्या नियमावलीतच दुरुस्ती झाली आणि ग्राहक, कामगार, भागधारक, समाज व स्थानिक जनता यांच्याविषयीची सामाजिक व नैतिक जबाबदारी तीत नोंदवली गेली. व्यक्तीची श्रद्धा अशा रीतीने संस्थेचे बंधन झाली.

हे बंधन पाळले जाते काय, हा पुढचा प्रश्न. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा सुरू असल्याने तो अधिकच नाजूक होता. संचालक मंडळाने त्याचे उत्तर स्वतः दिले नाही. सामाजिक लेखापरीक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि माजी खासदार पुरुषोत्तम गणेश मावळंकर यांची समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल १९८० मध्ये सादर झाला.

आजच्या संचालक मंडळांसाठी या प्रयोगाचे मोल अहवालाच्या पानांपेक्षा त्याच्या क्रमात आहे : आधी नेतृत्वाची धारणा, मग नियमावलीतील कलम आणि शेवटी बाहेरच्यांकडून तपासणी. यातील शेवटची पायरी गळाली, तर अहवालाची जाहिरात होण्यास वेळ लागत नाही.

जे. आर. डीं.नी १९९१ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्षपद सोडले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.