दातर्तीचा सायफन

१५ सप्टेंबर आला की आपल्याकडे पगडीवाल्या एका फोटोला हार पडतो, दोन-तीन भाषणं होतात आणि चहा घेऊन आपण होस्टेलवर परततो. तो फोटो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण या माणसाची नोकरीतली पहिली खरी परीक्षा आपल्या खान्देशात झाली, हे किती जणांना माहीत आहे? मी यावलचा, त्यामुळे मला ही गोष्ट जरा जास्तच जवळची वाटते.

त्यांचा जन्म १८६० सालचा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील लवकर गेले. बंगलोरला शिकवण्या करून ते शिकले आणि १८८१ ला बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळवून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला आले, म्हणजे आजच्या सीओईपीला. १८८३ च्या परीक्षेत पहिला नंबर आणि १८८४ ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनियर! थोडे दिवस नाशिकला काढून ते खान्देशात आले. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले ते १९०६ मध्ये. म्हणजे आपलं यावलसुद्धा त्याच जिल्ह्यात.

धुळ्याच्या पश्चिमेला पांझरेचं खोरं आहे. बंधारे घालून, पाळीपाळीने पाणी वाटून घेण्याची फड पद्धत तिथे फार जुनी. या भागात दातर्ती गावाजवळ पाटाचं पाणी पाइपातून पलीकडे न्यायचं, म्हणजे सायफन बांधायचा, हे काम या २३-२४ वर्षांच्या पोराकडे आलं. काम सुरू झालं आणि पाऊस लागला. नदीला पूर, कामाच्या जागी वाळू. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, की पावसाळा संपल्यावर हे काम करणं बरं. एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबांना ते अजिबात रुचलं नाही. त्यांना त्यात शिस्तीचा अभाव दिसला आणि तसं त्यांनी लेखी कळवलं.

आता विचार करा, आपण काय केलं असतं? रूमवर येऊन साहेबाला शिव्या दिल्या असत्या, नाहीतर सिक लीव्ह टाकली असती! विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हातात घेतलं, भर पावसात तिथेच मुक्काम ठोकला आणि सायफन पुरा केला. साहेबांचंही मत बदललं.

मला यातली नुसती जिद्द महत्त्वाची वाटत नाही. त्यांनी अडचण लपवली नाही, उगाच होला हो केलं नाही. ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच, कारणासकट सांगितलं. आणि निर्णय उलटा आला तरी काम अर्धवट टाकलं नाही. प्रोफेशनल वागणं म्हणतात ते हेच. अर्थात एक गोष्ट स्पष्ट असू द्या. उद्या साइटवर मजुरांच्या जिवाला धोका असेल, तर साहेबाच्या हुकुमापेक्षा जीव मोठा. तिथे काम थांबवणं हेच इंजिनियरचं कर्तव्य.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. सिंधमधल्या सक्करची पाणीपुरवठा योजना, १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे, १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या पूरनियंत्रणाचं काम, म्हैसूरचे चीफ इंजिनियर, कृष्णराजसागर धरण आणि १९१२ पासून दिवाणपद. दिवाण होण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बोलावून बजावलं, की माझ्याकडे कुणी शिफारस मागायची नाही, असं सांगतात. नोकऱ्यांमधल्या राखीव जागांवरून महाराजांशी मतभेद झाले, तेव्हा पद सोडून ते बाजूला झाले. त्या प्रश्नावरचं त्यांचं मत आज आपल्यातल्या अनेकांना पटणार नाही, मलाही पटत नाही. पण खुर्चीला चिकटून आतून अडवणूक करणं त्यांना जमलं नाही, हेही खरं. १९५५ ला भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

आता आपल्याकडे वळू. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच जर्नल फिरतं आणि सकाळी चाळीस जर्नल तयार होतात. आता तर मोबाईलमुळे तेवढंही फिरावं लागत नाही. सर्व्हेला चौघांपैकी एक जण थिओडोलाइट लावतो, एक जण स्टाफ धरतो आणि दोघं झाडाखाली बसतात. रीडिंग मात्र चौघांची सारखी! क्लोजिंग एरर जास्त आली की आकडे 'जुळवले' जातात. टर्म वर्कचे मार्क्स मिळतात, कुणाचं काही बिघडत नाही, असं आपल्याला वाटतं.

पण पाण्याला जर्नल दिसत नाही, लेव्हल तेवढी कळते. आमच्याकडे केळीच्या शेतकऱ्याचं वर्ष पाण्यावर अवलंबून असतं. पाटाची लेव्हल चुकीची लिहिली, तर शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोचत नाही. तिथला बाप व्हायवा घेत नाही, त्याचं पीकच जातं. तो शेतकरी कदाचित आपल्यातल्याच कुणाचा तरी बाप असेल.

म्हणून म्हणतो, वेळेवर लॅबला येणं, स्वतःची रीडिंग स्वतः घेणं, एरर आली तर ती तशीच लिहून सरांना विचारणं, प्रोजेक्टच्या कव्हरवर काम करणाऱ्याचंच नाव टाकणं, ही कॉलेजने आपल्यावर लादलेली कटकट नाही. ही नोकरीचीच प्रॅक्टिस आहे. एखादी असाइनमेंट चुकीची वाटली, तर कट्ट्यावर कुरकुर करण्यापेक्षा सरांच्या केबिनमध्ये जाऊन कारण सांगा. सर ऐकतील किंवा नाही ऐकणार. नाही ऐकलं, तर सायफन पुरा करा!