ज्यांच्या पैशावर निघाले, त्यांचाच पंथ सोडला : अॅडोनिराम जडसन यांची गोष्ट

फेब्रुवारी १८१२. अमेरिकेतले २३ वर्षांचे मिशनरी अॅडोनिराम जडसन पत्नी अॅनसोबत जहाजाने कलकत्त्याला निघाले. त्यांना पाठवणारी संस्था काँग्रिगेशनल पंथाची. या पंथात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्टांचं तसं नाही. ज्याने स्वतःहून विश्वास कबूल केलाय, त्यालाच ते पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. मगच तो मंडळीचा सभासद.

कलकत्त्याजवळ श्रीरामपुरात विल्यम केरी आणि इतर बाप्टिस्ट मिशनरी होते. त्यांच्याशी वाद झाला तर उत्तरं हवीत, म्हणून जडसन प्रवासात बायबल घेऊन बसले. झालं उलटंच. त्यांना बाप्टिस्टांचंच पटलं. अॅनला आधी हे नको होतं, पण शेवटी तिलाही पटलं. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात दोघांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. पैसे देणारी संस्था सुटली, सोबतचे मित्र दुरावले. त्यातले गॉर्डन हॉल मुंबईला आले आणि तिथे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन १८१३ मध्ये रंगूनला गेले. त्यांच्यासारख्यांना मदत करायला अमेरिकेतल्या विखुरलेल्या बाप्टिस्ट मंडळ्या १८१४ मध्ये पहिल्यांदाच देशपातळीवर एकत्र आल्या.

रंगूनमध्ये पहिल्या बर्मी माणसाचा बाप्तिस्मा व्हायला १८१९ उजाडलं. तिथे धर्म बदलणं म्हणजे राजाचा रोष ओढवून घेणं. आपली माणसं सोडून दुसऱ्या मंडळीत जाणं काय असतं, हे जडसन यांना चांगलंच माहीत होतं.

१८५० मध्ये समुद्रप्रवासातच ते वारले. आज म्यानमारच्या ख्रिस्ती समाजात सर्वात मोठा गट बाप्टिस्टांचाच आहे.