साथीच्या काळांतील सेवाव्रती : सावित्रीबाई फुले

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं, जालना जिल्ह्यांत रुग्णसेवेचें व्रत पत्करलेल्या आमच्या भगिनींचें स्मरण आम्हांस प्रथम होतें. एकेका परिचारिकेच्या माथीं अनेक खाटा असतात. कोणाकडे आधीं धांवावें, कोणतें काम दुसऱ्यावर सोंपवावें आणि कोणतें आपणच करावें, हा प्रश्न तिला रोज पडतो. एका थोर मराठी स्त्रीनें त्याचें उत्तर आपल्या आचरणानें देऊन ठेविलें आहे. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या. परंतु शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनीही परकाच होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

सावित्रीबाईंचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. १८४० सालीं जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पतीनें त्यांस लिहावयास वाचावयास शिकविलें. १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, तेथें त्या शिकवूं लागल्या. वाटेनें जातांना लोक अंगावर शेण टाकीत, तरी त्यांनीं काम सोडिलें नाहीं.

१८६३ सालीं फुले दांपत्यानें आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. संकटांत सांपडलेल्या विधवांस तेथें गुप्तपणें बाळंत होतां येई, व त्यांची शुश्रूषा सावित्रीबाई करीत. रुग्णाचें गुपित राखणें हा आज परिचारिकेच्या नीतीचा एक मुख्य नियम मानितात; त्या घराचा तर तोच पाया होता. काशीबाई नांवाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतलें. पुढें तो डॉक्टर झाला. १८९० सालीं जोतीराव निवर्तले, तरी सेवेचा वसा सावित्रीबाईंनीं पुढें चालविला.

१८९७ सालीं पुण्यांत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, कहर झाला. आप्तही आप्तांजवळ जाण्यास भिऊं लागले. तेव्हां सावित्रीबाईंनीं यशवंतांस बोलावून हडपसरच्या बाजूस माळावर दवाखाना उघडविला. औषधोपचार हें डॉक्टराचें काम, तें त्यांनीं मुलावर सोंपविलें. रुग्णांस दवाखान्यापर्यंत आणण्याचें काम मात्र आपल्याकडे घेतलें. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील वस्तींत एक मुलगा आजारी असल्याचें कळतांच, कोणी पुढें येईल याची वाट न पाहतां, सहासष्टाव्या वर्षीं त्यांनीं त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें. मुलगा वांचला, असें चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंस मात्र तोच रोग जडला आणि ता. १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

या चरित्रांत आम्हांस तीन गोष्टी दिसतात. जें काम दुसरा अधिक चांगलें जाणतो, तें निःशंकपणें त्याच्या हातीं द्यावें. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाहीं, त्याच्याकडे आधीं जावें. आणि ज्या कामांत जीवास धोका आहे, तें हाताखालच्या माणसावर ढकलून आपण मागें राहूं नये.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हा शोध १८९८ सालीं लागला. सावित्रीबाईंस तो ठाऊक असणें शक्य नव्हतें. आज मुखपट्टी, हातमोजे व लस हीं साधनें उपलब्ध आहेत. तीं न देतां एखाद्या तरुण परिचारिकेस साथींत उभें करणें आणि तिच्या त्यागाची स्तुति करणें, हा अन्याय होय. त्याग आपला आपण करावा; दुसऱ्याकडून तो मागूं नये.

शोमरोन्यानें जखमीस आपल्या जनावरावर घालून उतारशाळेपर्यंत नेलें, आणि मग तेथील रक्षकाच्या हवालीं केलें. काम सोंपविलें खरें, परंतु खर्चाचा भार उचलला व परत येण्याचें वचनही दिलें. जबाबदारी टाकिली नाहीं. सोंपविणें आणि झटकणें यांतील हें अंतर आमच्या परिचारिका भगिनींनीं, आणि त्यांच्यावर अधिकार चालविणाऱ्यांनींही, सदैव ओळखावें, एवढीच या महोत्सवप्रसंगीं प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.