प्लेगची लस आणि हाफकिन

अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने परळला जाणाऱ्यांना हाफकिन संस्थेचे नाव चांगले ओळखीचे असते. ज्यांचे हे नाव, ते वाल्देमार हाफकिन मात्र फारसे कुणाला माहीत नसतात. ओडेसा येथे १८६० मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले ते सहायक ग्रंथपालाचे! तिथेच १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना प्रयोगशाळा म्हणून मिळाली एक खोली आणि व्हरांडा. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढत. ते तापवून मारायचे आणि टोचायचे. मेलेला जंतू आजार देत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. पूर्ण संरक्षण मिळाले नाही, तरी लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी आढळला.

प्लेगच्या जंतूचा एक भाऊबंद, यर्सिनिया रकेरी, ट्राउट माशांना होतो. त्यांचे तोंड लाल पडते. त्यावरची लस अमेरिकेत १९७६ मध्ये मान्य झाली. तीही मेलेल्या जंतूंचीच. पण पिलांना सुई कोण टोचत बसणार? त्यांना लसीच्या पाण्यात बुडवून काढतात.

हाफकिन यांच्या वाट्याला मात्र १९०२ आले. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षे गेली होती. नंतर ते कोलकात्यात काम करू लागले, पण मुंबईचे संचालकपद काही परत मिळाले नाही. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ मध्ये. पाच वर्षांनी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.