पुरावा जपणारा माणूस : आर्तुरो शोम्बर्ग

कोर्टात नुसते खरे असून भागत नाही, पुरावा लागतो. इतिहासाचेही तसेच आहे. ज्यांचे कागद जपले गेले नाहीत त्यांना इतिहासच नव्हता, असा निकाल देऊन प्रस्थापित मोकळे होतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विरोधात हाच निकाल पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. तो खोडून काढण्यासाठी ज्याने आयुष्यभर कागद गोळा केले, त्या माणसाचे नाव आर्तुरो शोम्बर्ग.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८७४ रोजी पोर्तो रिको बेटावर झाला. काळ्यांना ना इतिहास, ना थोर पुरुष, असे एका शिक्षकाने त्यांना लहानपणी सुनावले आणि ती सल त्यांनी कायम मनात ठेवली, असे सांगतात. १८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. काही वर्षे वकिलांच्या कार्यालयात काम केले. १९०६ पासून एका बँकेत टपाल विभागात नोकरी केली. कारकुनाच्या पगारातून ते जुनी पुस्तके, पत्रे, चित्रे विकत घेत राहिले. गुलाम म्हणून आणलेल्या फिलिस व्हीटलीच्या कविता, बेंजामिन बॅनेकरची पंचांगे, हैतीच्या क्रांतीचा नेता तुसां लुव्हेर्त्यूर याची कागदपत्रे त्यांच्या घरी जमा झाली. १९११ मध्ये जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासोबत त्यांनी इतिहास संशोधन संस्था काढली.

हार्लेम या काळ्या वस्तीतील १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९२५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा आणि इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढच्याच वर्षी कार्नेगी संस्थेच्या १०,००० डॉलरच्या मदतीने शोम्बर्ग यांचा संग्रह तेथे आला. त्यात ५,००० हून अधिक पुस्तके होती. मिळालेल्या पैशातून शोम्बर्ग युरोपात गेले, ते आणखी कागद शोधायला! १९३२ पासून जून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या विभागाचे प्रमुख होते. १९४० मध्ये संग्रहाला त्यांचे नाव मिळाले. १९८० मध्ये नवी इमारत उभी राहिली. आज शोम्बर्ग केंद्रात १ कोटी १० लाखांहून अधिक वस्तू आहेत. व्याख्याने, प्रदर्शने, नाटके यांनी ते गजबजलेले असते.

येथे आपला संबंध काय? बाबासाहेब १९१३ ते १९१६ याच शहरात शिकत होते. पुढे ग्रंथांसाठी त्यांनी राजगृह बांधले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. दोन लढ्यांना जोडणारे ते पत्र आज आपण वाचू शकतो, कारण ड्यू बॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपली आहेत.

आणि आपल्याकडे? सत्याग्रहांची पत्रके, जलशांच्या वह्या, समता सैनिक दलाचे फोटो, नामांतराच्या लढ्यातील अर्ज आणि निवेदने किती घरांच्या माळ्यावर वाळवी खाते आहे! कार्यकर्ता गेला की त्याची ट्रंक रद्दीत जाते. त्यात आपल्या बाजूचा पुरावा जातो आणि मग आपल्या लढ्याचा इतिहास दुसरेच लिहितात. शोम्बर्ग धनिक नव्हते, प्राध्यापकही नव्हते. तरीही त्यांनी घरातला संग्रह समाजाच्या स्वाधीन केला, म्हणूनच तो टिकला.

अनेक गावांत विहार आहे. त्या विहारात कागदांसाठी एक लोखंडी कपाट आणि नोंदीची एक वही ठेवणे अवघड नाही. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून पहिला खर्च त्या कपाटाचा व्हावा. जयभीम!